एकाच कॅलेंडरवर दोन जीव : गरोदरपणातला कॅन्सर आणि आमचे डॉक्टर

कणकवलीहून बोलतेय. हे आजच्या भागाचं लिखित रूप आहे. रेकॉर्डिंगमध्ये मागे शेजाऱ्यांचा कोंबडा सारखा आरवतो आणि मी तीनदा पाणी पिते, तेवढं वगळलंय.

एका मैत्रिणीनं व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं होतं, "गरोदर बाईला कॅन्सर निघाला तर मूल पाडावंच लागतं ना?" छोटं उत्तर : लागतंच असं नाही. मोठं उत्तर म्हणजे आजचा भाग. मी डॉक्टर नाही, बीटेक करून सॉफ्टवेअरमध्ये काम करते. पण माझ्या सख्ख्या ताईच्या बाबतीत हे सगळं डोळ्यांसमोर घडलं, आणि प्रत्येक पायरीला डॉक्टरांना "हे असंच का?" असं विचारायची मुभा मला मिळाली. त्या मुभेबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी राहीन. ताईच्या परवानगीनं सांगतेय. तिचं आणि डॉक्टरांची नावं घेणार नाही.

आधी थोडा हिशोब. साधारण हजार गरोदरपणांत एकदा कॅन्सर सापडतो. म्हणजे दुर्मीळ, पण कुणीच कधी पाहिलेला नाही इतका दुर्मीळ नाही. सगळ्यात जास्त सापडतो तो स्तनाचा. त्याशिवाय गर्भाशयमुखाचा, लसीका ग्रंथींचा म्हणजे लिम्फोमा, रक्ताचा, थायरॉइडचा. गरोदरपणामुळे कॅन्सर होतो असं नाही. दोन गोष्टी एकाच वयात गाठ घेतात, इतकंच.

अडचण अशी, की गरोदरपणात स्तन तसेही बदलतात. जड होतात, दुखतात, गाठीगाठी लागतात. त्यामुळे बाई म्हणते "दुधाची गाठ असेल", घरचे तेच म्हणतात, आणि पुष्कळदा डॉक्टरही तेच म्हणतात. यात महिने जातात. ताईही सोळाव्या आठवड्याच्या तपासणीला तेच म्हणाली. कणकवलीतल्या आमच्या डॉक्टर मॅडम "असेल" म्हणाल्या, आणि तरी सोनोग्राफीची चिठ्ठी लिहिली. दोन आठवडे गेले तरी जी गाठ जात नाही ती बघायचीच, मग बाई गरोदर असो वा नसो, हा त्यांचा नियम. स्तनाची सोनोग्राफी बाळाला पूर्ण सुरक्षित असते. सुईनं तुकडा काढून तपासणं, म्हणजे बायोप्सी, हीसुद्धा फक्त तेवढा भाग बधिर करून गरोदरपणात कधीही करता येते.

त्या बायोप्सीच्या फॉर्मवर मॅडमनी वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : रुग्ण गरोदर, १७ आठवडे. मला तेव्हा ते नुसतं कारकुनी काम वाटलं. पण गरोदर स्तनातल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली एरवीपेक्षा वेगळ्या दिसतात. तपासणाऱ्याला ते माहीत नसेल तर अहवाल चुकू शकतो. दुसऱ्या शहरातल्या, कधीही न भेटणाऱ्या पॅथॉलॉजिस्टसाठी लिहिलेली ती एक ओळ. डॉक्टरांची माया बहुतेक वेळा अशा जागी असते, आणि पेशंटला ती दिसत नाही.

अहवाल अठराव्या आठवड्यात आला. कॅन्सर होता.

सिंधुदुर्गातल्या माणसाला अशा वेळी तीन दिशा असतात : बांबोळी, कोल्हापूर नाहीतर मुंबई. मुंबई ठरायच्या आधी आम्ही एके ठिकाणी (नाव नको) दाखवलं. तिथे पाच मिनिटांत सांगितलं, "आधी हे पाडून या, मग बघू." ताई परतीच्या प्रवासात एक शब्द बोलली नाही. लग्नानंतर सहा वर्षांनी राहिलेले दिवस होते ते.

हा सल्ला सरसकट का चालत नाही ते सांगते. नुसता गर्भपात केल्यानं स्तनाचा कॅन्सर बरा होण्याची शक्यता वाढते, असं अभ्यासांत दिसत नाही. काही परिस्थितींत तो रास्त पर्याय असतो. समजा अगदी सुरुवातीचे आठवडे आहेत आणि रक्ताचा वेगानं वाढणारा कॅन्सर आहे. तिथे केमो थांबवता येत नाही, आणि त्या आठवड्यांत केमो बाळाला सोसत नाही. म्हणजे उत्तर "कॅन्सर आहे का" यावर ठरत नाही. कोणता, किती पसरलेला, आणि कितवा आठवडा, यावर ठरतं. आणि बाईला काय हवंय यावर.

मग परळ. कोकणी माणसाला परळ नवं नाही. आमच्या आजोबांचं परळ गिरणीचं होतं, आमचं केसपेपरचं. या एका भागात नौरोसजी वाडिया प्रसूती रुग्णालय आणि केईएम १९२६ सालापासून आहेत, आणि टाटा मेमोरियल १९४१ च्या २८ फेब्रुवारीला सुरू झालं. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई ल्युकेमियानं गेल्या, त्यातून टाटा ट्रस्टनं ते उभं केलं. टाटाच्या पत्त्यातल्या रस्त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचं नाव आहे. ते गोव्यातल्या बार्देशचे. तिथले नावाजलेले सर्जन, आणि गरिबांच्या बाबतीतल्या मायेसाठी त्यांचं नाव अजून घेतलं जातं. १९६९ साली ते गेले. रोज हजारो लोक तो रस्ता ओलांडतात, पण पाटीवरचं नाव कुणाचं हे फार थोडे विचारतात. मी विचारलं, कारण रांगेत उभं राहून दुसरं करणार काय!

आमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी फाइल उघडायच्या आधी ताईला विचारलं, "बाळ हलायला लागलं का?" एकोणिसावा आठवडा होता, दोन दिवसांपूर्वीच पहिल्यांदा जाणवलं होतं. गेल्या पंधरवड्यात बाळाबद्दल कुणी काही विचारलेलंच नव्हतं. सगळे गाठीबद्दल बोलत होते. आई मध्येच म्हणाली, "डॉक्टरांनू, माझ्या चेडवाक वाचवा, बाकी देवाक काळजी." डॉक्टर विदर्भातले. "चेडू म्हणजे?" असं त्यांनी मला हळूच विचारलं. मी सांगितलं, मुलगी. ते आईला म्हणाले, "मावशी, तुमच्या चेडवाचं मी बघतो. पण तिच्याशी मला जरा एकटीशी बोलू द्या." आणि भावोजींसकट आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं.

आतलं बोलणं ताईनं नंतर सांगितलं. कायदा त्यांनी समजावून दिला. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतानं गर्भपात करता येतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर काही ठरावीक परिस्थितींत दोन डॉक्टरांच्या मतानं २४ आठवड्यांपर्यंत. बाईचा जीव तातडीनं वाचवायचा असेल तर ही मुदत आड येत नाही. आणि संमती लागते ती फक्त त्या सज्ञान बाईची. नवऱ्याची नाही, सासूची नाही, आईचीही नाही. (हे वाक्य रेकॉर्डिंगमध्ये मी दोनदा म्हटलंय. इथेही दोनदा वाचा.) मग ते म्हणाले, तू मूल ठेवलंस तरी आणि नाही ठेवलंस तरी तुझे उपचार मी तितक्याच मनापासून करणार, त्यामुळे मला बरं वाटावं म्हणून काही ठरवू नकोस. ताईनं दोन दिवस घेतले. मूल ठेवायचं ठरवलं.

यानंतर डॉक्टरांनी केसपेपरच्या पाठीवर दोन आडव्या रेषा काढल्या. वरची बाळाची, खालची आईची. दोन्हींवर आठवडे मांडले. तो कागद मी अजून जपून ठेवलाय. आमच्या धंद्यातलं सांगायचं तर चालू सर्व्हरवर मोठा बदल करायचा होता, आणि सर्व्हर एक सेकंदही बंद करता येणार नव्हता.

वरच्या रेषेवर पहिल्या बारा आठवड्यांवर त्यांनी फुली मारली. त्या काळात बाळाचे अवयव घडत असतात, हृदय, मेंदू, हातपाय. केमोची औषधं वेगानं वाढणाऱ्या पेशी मारतात, आणि तेव्हा बाळ म्हणजे सगळ्याच वेगानं वाढणाऱ्या पेशी. म्हणून पहिल्या तिमाहीत केमो टाळतात. ताईचे ते आठवडे गाठ कळायच्या आधीच सरले होते. नशीब.

मग वार, ज्याला आपण प्लॅसेंटा म्हणतो. माझ्या डोक्यात ती एक नळी होती, आईकडून बाळाकडे सगळं नेणारी. तसं नाही. वारेच्या पेशींवर छोटे पंप असतात, आत आलेलं औषध परत आईच्या रक्तात ढकलणारे. इमारतीच्या गेटवरच्या वॉचमनसारखे. कुणाला सोडायचं आणि कुणाला नाही हे औषधागणिक वेगळं. स्तनाच्या कॅन्सरला जे लाल रंगाचं डॉक्सोरुबिसिन देतात, ते बबून माकडांवरच्या प्रयोगांत पिल्लाच्या रक्तात आईच्या पातळीच्या दहा टक्क्यांहूनही कमी सापडलं. काही औषधं मात्र बरीच जास्त पलीकडे जातात. ट्रास्टुझुमॅब नावाचं इंजेक्शन एरवी फार उपयोगी आहे, पण गरोदरपणात त्यानं बाळाभोवतीचं पाणी कमी होतं, म्हणून ते बाळंतपणानंतर. हार्मोनच्या गोळ्या, म्हणजे टॅमॉक्सिफेन, त्याही नंतर. रेडिएशनही नंतर.

म्हणजे खालच्या रेषेवरचं काहीच रद्द झालं नाही. फक्त क्रम बदलला. मला हे कळलं तेव्हा पहिल्यांदा नीट झोप लागली.

तपासण्याही तशाच निवडल्या. कॅन्सर कुठे पसरलाय का हे बघायला एरवी सीटी किंवा पेट स्कॅन करतात. त्याऐवजी पोटाची सोनोग्राफी, पोटावर शिसाचं आवरण ठेवून छातीचा एक्स-रे, आणि रंगद्रव्याचं इंजेक्शन न देता एमआरआय. पसरलेला नव्हता.

एकविसाव्या आठवड्यात ऑपरेशन झालं. गरोदर बाईला पूर्ण भूल देता येते, हे आमच्या घरात कुणालाच खरं वाटेना. भूलतज्ज्ञ बाई आदल्या संध्याकाळी स्वतः येऊन खाटेवर बसल्या आणि उशी घेऊन दाखवलं : उजव्या कुशीखाली उशी ठेवून अंग डावीकडे कलतं ठेवायचं. साधारण विसाव्या आठवड्यानंतर बाई उताणी झोपली तर गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीवर पडतो, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, बाळाला कमी पडतं. एवढीशी उशी. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर बाळाचे ठोके तपासले. नंतरचे ठोके तपासताना नर्सनं यंत्राचा आवाज मोठा केला. तो आवाज भावोजींना दाराबाहेर ऐकू यावा म्हणून, हे तिनं सांगितलं नाही, पण दार उघडं ठेवलं होतं.

केमो चोविसाव्या आठवड्यात सुरू झाली. दर तीन आठवड्यांनी एक, अशा चार : २४, २७, ३०, ३३. मग थांबले. पस्तीस आठवड्यांच्या पुढे सहसा केमो देत नाहीत, आणि शेवटचा डोस ते बाळंतपण यात किमान तीन आठवडे ठेवतात. कारण केमोनंतर आईच्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खाली जातात. त्याच वेळी कळा सुरू झाल्या तर रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग, दोन्हींचा धोका. शिवाय बाळाच्या शरीरातून औषध निघून जायलाही वेळ मिळतो.

उलट्या होऊ नयेत म्हणून केमोसोबत स्टिरॉइड देतात. नेहमीचं असतं डेक्सामेथासोन. ताईच्या कागदावर ते खोडून प्रेडनिसोलोन लिहिलेलं. मी कारण विचारलं. डेक्सामेथासोन वारेतून थेट बाळापर्यंत जातं, प्रेडनिसोलोनचा बराचसा भाग वार स्वतःच निष्प्रभ करते. आईला आराम तोच, बाळाला कमी त्रास. हा बदल करायला डॉक्टरांना पाच सेकंद लागले असतील. पण त्या पाच सेकंदांत कुणीतरी त्या बाळाचा विचार केला होता.

प्रत्येक डोसच्या आधी कणकवलीच्या मॅडम बाळाची वाढ मोजायच्या आणि आकडे मुंबईला पाठवायच्या. मुंबईचे डॉक्टर रक्ताचे अहवाल त्यांना पाठवायचे. चारशेहून जास्त किलोमीटरवरचे दोन डॉक्टर, जे एकमेकांना कधी भेटलेले नाहीत, साडेतीन महिने एकमेकांशी बोलत होते. आमच्या कंपनीत एकाच मजल्यावरच्या दोन टीम एका टिकेटवर असं काम करत नाहीत, हे मी जाहीरपणे सांगते.

आता महत्त्वाचा प्रश्न : अशा मुलांचं पुढे काय होतं? बेल्जियममधल्या ल्यूव्हनचे डॉ. फ्रेडरिक आमांत आणि त्यांचे सहकारी यावर वर्षानुवर्षं काम करतायत. त्यांचा २०१५ सालचा अभ्यास 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. गरोदरपणात कॅन्सर झालेल्या मातांची १२९ मुलं, आणि तुलनेला निरोगी मातांची १२९. पहिल्या गटातली ९६ मुलं पोटात असताना केमोला सामोरी गेलेली. बुद्धीची वाढ, हृदय, एकूण विकास, सगळं तपासलं. केमोमुळे नुकसान झालेलं दिसलं नाही. बुद्धीच्या चाचणीत जो फरक दिसला तो मूल किती आधी जन्मलं त्याच्याशी जुळत होता. आणि कॅन्सर झालेल्या मातांची निम्म्याहून जास्त मुलं वेळेआधी जन्मलेली होती.

यातून वागणं बदलतं बघा. "लवकर बाळंत करून टाकू, मग मोकळेपणी केमो देऊ" हे ऐकायला सुरक्षित वाटतं. पण बाळासाठी पोटातले ते आठवडे जास्त मोलाचे निघाले. म्हणून आमच्या डॉक्टरांनी ३७ आठवडे पूर्ण होईपर्यंत वाट बघितली. मुलं तपासली तेव्हा त्यांचं मधलं वय २२ महिने होतं, त्यामुळे ती मोठी होतील तसतसं अजून कळत जाईल. डॉक्टरांनी हेही ताईपासून लपवलं नाही. हातचं राखून दिलेला धीर नंतर महागात पडतो.

तोवर आईनं ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालून घेतलं होतं, "होय म्हाराजा" झालं होतं. मी चेष्टा केली नाही. प्रत्येकाला काहीतरी करायला हवं असतं. मी एक्सेल शीट केली, आईनं गाऱ्हाणं घातलं.

बाळंतपण मुंबईत झालं. मुलगी, दोन किलो चारशे ग्रॅम. डोक्यावर दाट केस. ताईच्या डोक्यावर एकही नव्हता. दोघींना शेजारी ठेवल्यावर ताई इतकी हसली की टाके दुखले.

एक गोष्ट मात्र जड गेली. उरलेली केमो दोन-तीन आठवड्यांत सुरू होणार होती, आणि केमो चालू असताना अंगावर पाजता येत नाही, औषध दुधातून उतरतं. इथेही मुंबईनं हात दिला. आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी १९८९ साली मुंबईतल्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. आता अशा पेढ्या बऱ्याच ठिकाणी आहेत. दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध तपासून, पाश्चराइझ करून गरजू बाळांना देतात. भाचीला पहिले काही दिवस ते मिळालं, मग पावडरचं. बालरोगतज्ज्ञांनी ताईला सांगितलं, "बाटली तूच धर, आणि उघड्या छातीशी घेऊन धर." दूध कुठलंही असलं तरी ऊब आईचीच.

उरलेली केमो झाली, रेडिएशन झालं. आता दर काही महिन्यांनी तपासणी. ताई "बरी झाले" म्हणत नाही, "ठीक आहे" म्हणते. पाच वर्षं व्हायचीत अजून.

आता कामाचं. तुमच्या ओळखीत कुणावर ही वेळ आली तर चार गोष्टी. पहिली : कॅन्सरचा डॉक्टर आणि बाळंतपणाचा डॉक्टर एकमेकांशी बोलतायत का, हे थेट विचारा. नसतील तर दोघांचे नंबर दोघांना द्या. दुसरी : महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्यालाच गाठा. तिसरी : राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन. खोली लगेच मिळेल असं नाही, पण नाव नोंदवा. चौथी : रेल्वे. उपचाराला जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री एसीत तिकीट पूर्ण माफ, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत. रुग्णालयाकडून फॉर्म भरून घ्यायचा आणि तिकीट खिडकीवर काढायचं. आम्ही तुतारी एक्स्प्रेसनं जायचो, पहाटे दादर.

"आभार कसे मानले?" असंही त्या मैत्रिणीनं विचारलं होतं. आईनं परळच्या डॉक्टरांसाठी पाकीट नेलं होतं. त्यांनी ते हातही न लावता परत केलं, जरा रागावलेच. कोकमाचं आगळ दिलं, तेही नको म्हणाले. मग आईनं पिशवीतून मालवणी खाजं काढलं, जत्रेतून आणलेलं, गूळ आणि आल्याचं. ते घेतलं. तिथेच फोडलं, एक तुकडा स्वतः खाल्ला, आणि बाकीचा पुडा केमोच्या वॉर्डातल्या नर्सकडे पाठवून दिला.